धूळ मागून येते

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी टायरच्या दुकानाने आमच्या यांना भेट दिलेली, दोन वर्षांपूर्वीची. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या घालणार आहे. लिहायला बसले कारण बोलायला कोणी नाही. यांच्याशी बोलायला गेलं की यांना उत्तर द्यावंसं वाटतं, आणि उत्तर दिलं की धाप लागते. मग मलाच गप्प बसावं लागतं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

आज पहिल्यांदा मी स्वतः पिकअप चालवत यांना दवाखान्यात नेलं आणि परत आणलं. यांची जन्मभराची गाडी ही. क्रशरवरून खडी वाहून वाहून यांनी संसार चालवला आणि त्याच खडीची भुकटी छातीत भरून घेतली. आता जरा ताठ बसलं तरी धाप लागते. उशांना टेकून आडवं राहिलं तरच बरं असतं. पुढच्या सीटवर तसं राहता येत नाही, मोठा सिलिंडर मावत नाही, आणि त्या बाजूची काच तर कैक वर्षांत वर गेलेली नाही. दवाखान्याची गाडी डांबरी रस्ता सोडून आमच्या खडीवर यायला तयार नाही. म्हणून मागे हौद्यात गादी घातली, उशा रचल्या, वर जुनी ताडपत्री ताणून बांधली आणि मी बसले स्टिअरिंगवर. सत्तावन्न वर्षांची बाई, गेल्या हिवाळ्यात गाडी शिकलेली.

हे मागून केबिनच्या काचेवर काठीने ठोकत होते. गिअर बदल, ब्रेकवर पाय ठेवून चालवू नकोस, खड्डा बघ. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

घरी येऊन हौद्याचा मागचा फाळका उघडला. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, गादी, उशा, सिलिंडर, सगळ्यावर बोटभर पीठ. हे म्हणाले, "दळून आणलंस की गं मला." आणि हसले. मग त्या हसण्यातून खोकला सुरू झाला तो थांबेना.

डॉक्टरांनी आज एवढंच सांगितलं होतं की औषधं चालू ठेवा आणि मुख्य म्हणजे धुळीपासून जपा. औषध काही माझ्या हातात नाही, आयुष्यही नाही. धूळ आहे. धुळीचं मी बघते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताडपत्रीवाल्याकडे जाऊन आले. हौद्यावर लोखंडी पाइपांची कमान आणि त्यावर जाड हूड हवं म्हटलं. तो माप घेता घेता विचारतो, "काय न्यायचं असतं काकू, धान्य की सिमेंट?" मी म्हटलं, नवरा. तो हसला, मग माझ्याकडे बघितलं आणि माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं. शिवण दुहेरी घालतो म्हणाला. मागचा पडदा फाळक्याच्या खाली हातभर लोंबेल असा करायला सांगितला.

हे खाटेवरून सगळं ऐकत होते. म्हणे राजवाडा बांधतेस काय माझ्यासाठी. मी म्हटलं, राजे, पडून राहा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

इतकं हूड शिवलं, तरी धूळ आलीच. थोडी कमी असेल, पण आली.

मी ठरवलं होतं, हळू जायचं. हळू गेलं तर धूळ कमी उडेल, यात काय चुकलं? पण वारा मागून होता. माझीच धूळ मला गाठून पुढे जात होती, मला रस्ता दिसेना. मागून काठी अशी बडवली जात होती की काच फुटते की काय. दवाखान्याच्या दारात उतरवलं तेव्हा हे रागाने लाल. "वारा पाठीवर असेल तर आपल्या धुळीच्या पुढे पळायचं असतं. लक्षात ठेव. मी दर वेळी सांगायला असेन का मागे?" मी म्हटलं, मागे नाही तर कुठे असणार आहात, जागा तीच आहे तुमची.

सिस्टरने कापसाने यांचे कान पुसले. कापूस राखाडी झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्हाऊ घातलेलं मूल कोणी उकिरड्यात लोळवून आणावं, तसं मी माझं माणूस आणलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज भांडण. यांनी अंगणात खुर्ची मांडायला लावली आणि मला चाक बदलायला लावलं. पंक्चर नाही, काही नाही, चांगलं चाक काढून पुन्हा तेच लावायचं. जॅक कुठे लावायचा, नट समोरासमोरचे कसे आवळायचे. दोन शब्द बोलले की थांबून श्वास घ्यायचा, पुन्हा दोन शब्द. मी म्हटलं, अहो इथे मला धुळीची पडलीये आणि तुम्हाला चाकाची. तर म्हणे, पुन्हा काढ, शेवटचा नट तिरका गेलाय.

पहिल्यापासून असेच. स्वयंपाकातही चूक काढणार, तेही जेवून झाल्यावर. पण आजारपणात माणूस मऊ होतो म्हणतात, हे जास्तच कडक झालेत. हातांना ग्रीस लागलंय, साबणाने जात नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आगीतून फुफाट्यात.

फाळक्याच्या चारी कडांना मी रबरी पट्टी चिकटवली होती. पडद्याला आतून टेप, बाहेरून टेप, शिवणींवर मेण. मुंगी शिरली नसती आत. मोठ्या ऐटीत निघाले. अर्ध्या रस्त्यात काठीचा आवाज वेगळा येऊ लागला, एकसारखा. थांबवून मागे धावले. यांनी आतून पडद्याचा टेप ओरबाडून काढला होता आणि फटीला तोंड लावून पडले होते. आत भट्टी झाली होती. आणि ज्या धुळीसाठी हा सगळा खटाटोप, ती होतीच. गादीच्या पायाकडे जाड थर.

श्वास जागेवर यायला यांना बराच वेळ लागला. मग म्हणाले, "मी आत पडून बघतो ना. पुढून काही येत नाही. धूळ मागून येते, फाळक्यातून. तू जितकं बंद करतेस तितकी ती ओढून घेते गाडी." मी म्हटलं, गाडी काय धूळ ओढेल, तिला काय नाक आहे? पण मनात ते राहिलं.

परत निघताना म्हणाले, मला पुढे बसव. मी साफ नाही म्हटलं. ती काच उघडी, दारात बोट जाईल एवढी फट, पायाखालच्या पत्र्यालाही भोकं. पुढे बसवणं म्हणजे मुठीने धूळ भरवणं. बरे व्हा, मग पुढे बसा आणि स्टिअरिंगही तुमचंच. हे बरं म्हणाले आणि मागे आडवे झाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

यांचा दोस्त टँकरवाला आला होता. क्रशरच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून तो सकाळी पाणी मारत जातो. त्याला म्हटलं, भाऊ, मंगळवारी तुमच्या मागोमाग मी निघाले तर? तो म्हणाला, वहिनी, खुशाल या, तुमच्यासाठी घरापासून नळ सोडतो. असं गोड बोलणारा माणूस विरळा.

मी चहा टाकायला आत गेले आणि दोघं हलक्या आवाजात काहीतरी बोलत बसले. डब्यांचं, फेऱ्यांचं काहीतरी. चहा घेऊन आले तर दोघं गप्प. टँकरवाल्याचे डोळे लाल होते. दिवसभर उन्हात असतो बिचारा, त्याचंही एकदा तपासून घ्यायला हवं. जाताना तो मला म्हणाला, वहिनी, तुम्ही रिव्हर्स शिकून घ्या नीट. यांनीच शिकवून पाठवलं असणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी मारलेल्या रस्त्यावरून गेले. धूळ नाही, पण टँकर गोगलगायीच्या चालीने आणि चिखल काचेवर. पोचायला उशीर. तरी यांचा सदरा जसाच्या तसा स्वच्छ होता. मला वाटलं, जिंकले.

येताना मात्र ऊन चढलेलं, रस्ता वाळलेला, पहिले पाढे पंचावन्न.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दर आठवड्याला एवढ्या लांबून आणलं नाही तरी चालेल आता. सिलिंडर घरी पाठवू, गोळ्या लिहून देऊ. मला राग आला. म्हणजे काय, आमचा कंटाळा आला? रोज मरे त्याला कोण रडे, तसं झालंय यांचं. मी ठणकावून सांगितलं, मंगळवार म्हणजे मंगळवार, मी आणणार. डॉक्टर बरं म्हणाले. हल्ली जो तो मला बरं म्हणतो.

७ मार्च, शुक्रवार

सापडलं.

गेल्या मंगळवारी यांना उठवेना, म्हणून जाणं झालं नव्हतं. आज सकाळी स्वयंपाकघरात होते. वाऱ्यामुळे दारंखिडक्या सगळी लावून घेतलेली आणि धूर जायला भिंतीतला पंखा चालू. बघते तर मागच्या दाराच्या फटीतून अंगणातली माती सुरसुर आत येतेय, कोणी ओढावी तशी. मी ओट्यासमोरची खिडकी उघडली. माती थांबली. खिडकी लावली, पुन्हा सुरू. मी चार वेळा उघडझाप केली, वेड लागल्यासारखी. दूध उतू गेलं.

पंखा घरातली हवा बाहेर काढतो, मग घर मिळेल तिथून आत ओढतं. गाडी पळताना हौद्याचं तेच होत असणार. त्याला पुढून चांगली हवा दिली की तो मागून घाण कशाला ओढेल? हे म्हणाले होते ते खरं होतं. गाडीला नाक आहे.

खोलीत जाऊन सांगितलं. यांनी डोळे मिटूनच ऐकलं आणि म्हणाले, "मला एवढी वर्षं नाही सुचलं हे." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझं काही बरोबर आलं असं या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले आणि उगाच रडले.

११ मार्च, मंगळवार

ताडपत्रीवाल्याने हुडाला पुढून, केबिनच्या टपावर येईल अशी, झडप करून दिली. तिला मी ओल्या पंच्याची दुहेरी घडी बांधली. मागचे टेप काढून टाकले, नुसती पट्टी ठेवली. वारा कुठला ते पाहून वेग धरला.

दवाखान्यात फाळका उघडला तर हे झोपले होते. शांत. उशीवर जेमतेम एक रेघ. सिस्टर म्हणाली, आज कान स्वच्छ आहेत हं काकांचे. मी त्या पोरीला मिठीच मारणार होते.

आणखी एक. यांना हौद्यात चढवायला आधी शेजारचा माणूस लागायचा, तो एकीकडे, मी एकीकडे. आज तो घरी नव्हता. मी एकटीने काखेत हात घातले आणि उचलून वर घेतलं. गाडी चालवून दंडात जोर आलाय माझ्या. यांना सांगितलं तर माझ्या दंडाकडे बघून म्हणाले, "आलाय खरा."

१८ मार्च, मंगळवार

यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. बोलता बोलता ओठ निळे झाले. लेकीला कळवलं, ती संध्याकाळच्या गाडीने आली. ती जिन्याखाली उभी राहून रडत होती. मी तिला झापलं. म्हटलं, बाबांसमोर असं तोंड घेऊन जाऊ नकोस, हौद्याचं गणित आत्ता कुठे सुटलंय, आता फरक पडेल. ती म्हणाली, आई, तू डॉक्टरांशी बोललीस ना? बोलले की. धुळीपासून जपा म्हणाले होते, तेच चाललंय.

पण आज घरी एकटीच परतले तेव्हा काच ठोकायला मागे कोणी नव्हतं आणि मी एका खड्ड्यात जोरात आदळले.

२१ मार्च, शुक्रवार

घरी आणलं. डॉक्टरांनी सोडलं. म्हणाले, घरी न्या, जे आवडेल ते खाऊ द्या, जे हवं ते करू द्या. मी विचारलं, पुढच्या मंगळवारी आणू ना? ते म्हणाले, बघू.

हे म्हणाले, पुढे बसायचंय. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, बसू दे ना गं त्यांना." ती कधी हट्ट करत नाही. मग मीच हरले. डॉक्टरांनी छोटा सिलिंडर दिला होता, तो यांच्या मांडीवर. सीटला उशा. खिडकीला प्लास्टिक चिकटवलं, नाकातोंडावर ओला रुमाल बांधला. लेक सामान घेऊन मागे हौद्यात.

डांबर संपून खडी लागल्याबरोबर यांनी प्लास्टिक फाडलं आणि रुमाल गळ्यात ओढला. मी ओरडले. हे ऐकतात थोडेच.

घरी येऊन मागे पाहिलं. लेकीच्या काळ्या ओढणीवर एक कण नव्हता. सबंध हौद्यात एक कण नव्हता. आणि पुढे हे पांढरेफटक होऊन बसलेले. मी आज जास्त लिहीत नाही. माझं चुकलं आहे.

२९ मार्च, शनिवार

हे रविवारी सकाळी गेले. लेक चहा गाळत होती. मी उशी नीट करायला वाकले होते, माझ्या हातावरच गेले.

दोन दिवसही निघाले नाहीत. इतके दिवस एकेक फट बुजवली आणि शेवटी मीच दार उघडून त्यांना धुळीत बसवलं. हात दाखवून अवलक्षण. लेकीने डॉक्टरांना फोन लावून माझ्या कानाला दिला. ते म्हणाले, काकू, त्या धुळीचा काही संबंध नाही, फुफ्फुसं आधीच संपली होती, मी तुम्हाला सांगत होतो. मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता ना धुळीपासून जपा. ते म्हणाले, तुम्ही जपलंत. समजूत काढायला माणूस काहीही बोलतो.

मला झोप लागत नाही. घरात सगळं पुसून झालं, पुन्हा पुसते.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी टँकरवाला आला. म्हणाला, वहिनी, क्रशरवरच्या लोकांचे जेवणाचे डबे रोज न्यायचेत, आणणारा उघड्या गाडीतून आणतो, भाकरीत कचकच लागते. तुमच्या हौद्यात धूळ येत नाही हे सगळ्यांना माहीत झालंय. मी म्हटलं, कुणी सांगितलं सगळ्यांना? तो म्हणाला, दादांनी. मागेच बोलणं करून ठेवलंय त्यांनी मुकादमाशी. मला भडकायला झालं. माझ्या मागे माझीच कामं ठरवतात, मला विचारायची पद्धत आहे की नाही? भांडायचं तर कोणाशी, तेही कळेना. सोमवारपासून येते म्हटलं.

लेक उद्या तिच्या घरी जाते. दुपारी भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "आई, त्या दिवशी पुढे बाबा एवढं काय बोलत होते गं? मला मागे नुसता आवाज येत होता. किती दिवसांनी इतकं बोलले."

मी म्हटलं, बोलणार काय, माझ्या चुका काढत होते. क्लच अर्धवट दाबतेस. आरसा बघत नाहीस. वळणावर हॉर्न. समोरून ट्रक आला तर आधी डावीकडची कड कशी आहे ते बघावं. वर्षभरात बोलले नसतील एवढं बोलले, आणि खोकला नाही. मला ते सगळं पुन्हा हवंय. आणि तेच मी होऊ द्यायला नको होतं. दोन्ही एकदम वाटतं, मी काय करू?

मग तिला पुढचं सांगितलं. पूल ओलांडला आणि हे गप्प झाले. मी घाबरून पाहिलं तर चांगले जागे होते, बाहेर बघत होते. मी विचारलं, अहो, गप्प का? काय चुकलं माझं? तर म्हणाले, "काही नाही चुकत आता. चालव तू."

लेक पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. मी तिला म्हटलं, दमले असतील.

तिला एक सांगितलं नाही. इथे लिहिते. तेवढ्यात आमचं घर दिसायला लागलं होतं. वारा पाठीवर होता. हळू गेलं तर आपलीच धूळ आपल्याला गाठते, हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. तरी मी गाडी हळू केली. अगदी माणूस चालत जाईल इतकी हळू. मागून धूळ आली, त्या उघड्या खिडकीतून आत शिरली, यांच्या मांडीवर बसली, माझ्या हातांवर बसली. यांना कळलं नसेल असं होणारच नाही. पण हे काही बोलले नाहीत.